रिकाम्या तलावातलं नाटक

रविवारी सकाळी चहाच्या टेबलावर नानांनी पावडरीचा विषय काढला आणि आईच्या हातातला ब्रेडचा तुकडा चहात पडला.

"दातांचं माप घ्यायच्या पावडरीचा डबा पुन्हा रिकामा," नाना म्हणाले. "मागच्या महिन्यातही हेच. पेशंट तेवढेच, तोंडं तेवढीच, तोंडातले दात उलट कमीच झालेत. मग पावडर जाते कुठे?"

बाबांनी समोर बसलेल्या बहिणीकडे पाहिलं. "मी काही बोलत नाही."

"म्हणजे बोललासच," आत्या म्हणाली. "दादा, मी एका मापाला एकच वाटी कालवते. तू कालवतोस तेव्हा अर्धी तुझ्या शर्टावर असते."

"माझ्या शर्टाचं राहू दे. परवा ती वाटी धुतली नव्हती कुणी?"

झालं. खाली दवाखाना आणि वर घर, त्यामुळे दवाखान्यातलं भांडण जिना चढून वर यायला वेळ लागत नसे. खाली तीन खुर्च्या होत्या: आजोबांची, म्हणजे नानांची, बाबांची आणि आत्याची. 'दात कोरून पोट भरत नाही' अशी म्हण आहे, पण या घराने नानांच्या वडिलांपासून लोकांचे दात कोरूनच पोट भरलं होतं, आणि नाना ही गोष्ट पाहुण्यांना न चुकता सांगत. लग्न होऊन आली तेव्हा आई पहिल्यांदा ते ऐकून मनापासून हसली होती. आता शाळेत भूगोल शिकवून आल्यावर ती नुसती मान हलवायची.

आज मात्र तिला मानसुद्धा हलवता येईना. पावडर कुठे जाते ते तिला ठाऊक होतं. तिची सोळा वर्षांची लेक ती नेत होती. जन्मल्यापासून एका जागी टिकली नाही म्हणून तिचं नाव भिंगरी पडलं होतं.

गोष्ट सुरू केली होती नानांनीच. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यांनी जाहीर केलं होतं, की वर्ष संपलं की मी खुर्ची सोडणार, आणि ती खुर्ची भिंगरीची. तिचा कल आपल्या धंद्याकडेच आहे, हे बाहेरच्या कुणीतरी सांगितलं म्हणजे ती ऐकेल, या हिशेबाने त्यांनी तिला वस्तीच्या कला केंद्रात शनिवारच्या करिअर मार्गदर्शन वर्गाला घातलं. वर्ग वरच्या मजल्यावर भरायचा. खालच्या मजल्यावर मुखवटे बनवायचा वर्ग भरायचा. भिंगरी दुसऱ्याच शनिवारी पाणी प्यायला म्हणून खाली उतरली आणि कोपरापर्यंत चिकटलेली घरी आली. त्या वर्गासाठी पालकांची सही लागत होती. आईने केली, आणि घरात कुणाला सांगितलं नाही. खोटं काहीच नव्हतं. पोरगी शनिवारी केंद्रात जाते असं ती सांगायची, फक्त कुठल्या मजल्यावर ते सांगत नव्हती.

आज केंद्राचा खुला दिवस होता. घरच्यांना आमंत्रण होतं. आणि उद्या, सोमवारी, पुढच्या दोन वर्षांचे विषय शाळेत कळवायचे होते.

"चला, आवरा," नाना म्हणाले. ते पहाटेच इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. "त्या मार्गदर्शनाच्या मॅडमच्या तोंडून एकदा सगळ्यांनीच ऐका, पोरीचा कल कुठे आहे ते."

"नाना, तिथे पायऱ्या आहेत हं बऱ्याच," आईने शेवटचा प्रयत्न केला. "तुमचा गुडघा..."

"सारी हयात लोकांच्या तोंडात वाकून काढली. पायऱ्यांचं काय घेऊन बसलीस?"

आईने चहातला ब्रेड चमच्याने काढला आणि मुकाट्याने खाल्ला.

*

केंद्राची इमारत म्हणजे पूर्वीचा पोहण्याचा तलाव. नवा तलाव झाल्यावर जुन्यातलं पाणी सोडून दिलं आणि मुलांना जागा दिली. निळ्या फरशा तशाच होत्या, भिंतीवर खोलीचे आकडेही. उथळ बाजूपासून तळ उतरत जायचा, म्हणून खुर्च्यांच्या पुढच्या पायांखाली लाकडी ठोकळे दिले होते. खोल बाजूला रंगमंच. उडी मारायच्या फळीला दिवे बांधलेले. कुणी खोकलं तरी चारी भिंती खोकायच्या.

नाना पहिल्या रांगेत बसले. त्यांच्या एका बाजूला बाबा, दुसऱ्या बाजूला आत्या आणि तिच्यापलीकडे आई, खुर्चीच्या अगदी कडेवर, पळून जायची तयारी असल्यासारखी.

"मार्गदर्शनाच्या आधी नाटक कशाला?" बाबांनी विचारलं.

"मुलांनी काय काय केलं ते दाखवत असतील," आई म्हणाली, आणि हे बोलणं तिच्या स्वतःच्याच कानाला वेडगळ वाटलं.

दिवे लागले. खोल बाजूला एका ओळीत सहा खुर्च्या आणि त्यांवर सहा पेशंट. प्रत्येकाने आख्खं डोकं झाकणारा, दोरीने जबडा हलणारा कागदी लगद्याचा मुखवटा घातला होता. कुणाचा गाल टरारलेला, कुणाच्या कपाळावर दुखण्याच्या आठ्या. बोलत कुणीच नव्हतं. एक बाई पर्समधला आरसा काढून दात बघायची, शेजारचा माणूस हळूच तिच्याच आरशात स्वतःचे बघायचा. नानांना हसू आलं. हे असं होतं खरं, ते मनात म्हणाले. ज्याने लिहिलंय त्याने दवाखाना पाहिलाय.

मग डॉक्टर आला.

मोठं कपाळ, एक भुवई वर चढलेली, भलंमोठं नाक आणि अर्धवट उघडं तोंड. डॉक्टर पहिल्या पेशंटवर वाकला आणि पेशंटचं तोंड उघडायच्या आधी त्याने स्वतःचंच तोंड उघडलं. पेशंटने थोडं उघडलं. डॉक्टरने अजून. पेशंटने अजून. बघता बघता वाट बघणारे सगळेच मान मागे टाकून आ वासून बसले, आणि डॉक्टर सगळ्यांत मोठा आ करून मध्ये उभा.

हसण्याचा असा लोट उठला की फरशा दणाणल्या. मागून कुणीतरी ओरडलं, "अहो, हे तर आपले डॉक्टर!" निम्मी वस्ती कधी ना कधी नानांच्या खुर्चीत बसून गेलेली. ओळखायला कुणाला वेळ लागला नाही.

बाबा ताठ झाले. आत्याने ओठ दाबून धरले. आईने डोळे मिटून घेतले. नानांच्या मनात आलं, मी असं करतो? खरंच? इतकी वर्षं? आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की या क्षणीही त्यांचं तोंड उघडंच आहे.

ते मिटायला जाणार तोच दिवा मुखवट्याच्या तोंडावर पडला. खालच्या ओळीत, अगदी मधोमध, एक दात दुसऱ्याच्या खांद्यावर चढल्यासारखा तिरका. वस्तीतल्या कुणाला हे माहीत असण्याचं कारण नव्हतं. नाना पुढे वाकले. लगद्यातून कोरून असा दात होत नसतो. हे खऱ्या दातांचं माप होतं. त्यांच्याच दातांचं.

"चोर सापडला," ते बाबांच्या कानात म्हणाले.

"काय?"

"पावडर. ती बघ तिथे, माझ्या तोंडात आहे."

टाळ्या सुरू झाल्या. मुलांनी मुखवटे काढले, घामेजलेले चेहरे बाहेर आले. त्यांत भिंगरी नव्हती. ती सगळ्यांत शेवटी मागून आली, रंगाने माखलेला ॲप्रन घालून, आणि डॉक्टर झालेल्या मुलाच्या हातातला मुखवटा आधी काळजीने काढून घेतला, मगच लोकांकडे पाहिलं. पहिल्या रांगेत तिला नाना दिसले, डोळ्यांत पाणी. तिचा रंग उडाला.

नाना उभे राहिले. हसून हसून डोळ्यांतून पाणी येत होतं, पण तिला रंगमंचावरून ते काय कळणार? "इकडे आण ते," ते म्हणाले. तिने मुखवटा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तिरक्या दातावरून अंगठा फिरवला. सवयीने मागची दाढही तपासली.

"दाढेची कड जरा गेलीय," ते म्हणाले. "साच्यातून काढताना घाई केलीस."

*

वरच्या मजल्यावर पूर्वी कपडे बदलायच्या खोल्या होत्या. मॅडमच्या खोलीत भिंतीला अजून खुंट्या होत्या, लहान मुलांच्या उंचीच्या. त्यांखाली पाचजण बाकावर दाटीवाटीने बसले. समोर मॅडम, पायांत खेळाचे बूट, बोलायच्या आधी ऐकून घ्यायची सवय असलेली बाई. आत्याला ती लगेच आवडली.

"भिंगरीचा हात चांगला आहे," मॅडम म्हणाल्या. "जीवशास्त्रही चांगलं आहे. एक काम असं आहे, की अपघातात किंवा आजारात ज्यांचं नाक, कान, डोळा जातो, त्यांच्यासाठी तो हुबेहूब बनवून द्यायचा. हॉस्पिटलात. त्याला विज्ञान लागतं आणि हातही लागतो."

बाकावर एकदम मोकळा श्वास सुटला.

"वा!" नाना म्हणाले. "म्हणजे सापही मेला आणि काठीही मोडली नाही."

"हे मात्र चांगलं आहे," बाबा म्हणाले. "दवाखान्याच्याच बाजूची खोली देता येईल."

आईनेही मान हलवली. तिचा तर जीवच भांड्यात पडला होता. कुणी ओरडलं नव्हतं, कुणी सहीचं विचारलं नव्हतं.

"मला नकोय ते," भिंगरी म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

"काम छान आहे. पण त्यात खोटं नाक खरं वाटलं पाहिजे. मला खोटं नाक खोटंच हवंय. हे एवढं. बघून माणूस हसला पाहिजे."

मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, "सांग आता त्यांना."

मग भिंगरीने सांगितलं. शहरातल्या नाट्यगृहाची एक कार्यशाळा होती, तिथे मुखवटे, बाहुल्या, सगळं नाटकाचं सामान बनायचं. या केंद्रातून दोघांना तिथे शिकायला घेणार होते, दोन वर्षं, शाळा सांभाळून. पण मग विज्ञानाचे तास जमणार नव्हते, कला शाखा घ्यावी लागणार होती. दोघांत तिची निवड झाली होती.

"कधी सांगणार होतीस?" बाबांनी विचारलं.

"आजच. म्हणून तर आधी नाटक दाखवलं."

"आपण दात कोरून पोट भरलं. नाकं चिकटवून भरतं का?" बाबा मॅडमकडे वळले. "तुम्हीच सांगा."

"कधी भरतं, कधी नाही," मॅडम म्हणाल्या. "मी खोटं सांगणार नाही. तिथे शिकलेल्यांतले काही आज त्याच कामात आहेत, काही दुसरीकडे गेले. दोन वर्षांनी तिला परत विज्ञानाकडे यावंसं वाटलं, तर येता येईल, एखादं वर्ष जास्त जाईल. पण पाठवताना 'बघू, येईल कंटाळून' असं म्हणून पाठवू नका. मुलांना ते कळतं."

बाबांनी आत्याकडे पाहिलं. दवाखान्यात दोघं दिवसभर भांडत, पण बाहेरच्या माणसासमोर ती भावाच्याच बाजूने उभी राहायची, हा आजवरचा शिरस्ता होता.

आत्याला मात्र त्या खुंट्यांखाली बसून दुसराच एक बाक दिसत होता. तेव्हा खाली दोनच खुर्च्या होत्या, नानांची आणि दादाची. तिच्यासाठी नानांनी काहीतरी 'हलकं' ठरवलं होतं. ती एका सकाळी दवाखान्याच्या बाकावर पेशंटांच्या रांगेत जाऊन बसली. नंबर आला तेव्हा आत गेली आणि म्हणाली, मला दुखत नाहीये, मला शिकायचंय. नानांनी तिला तीनदा वर पाठवलं. चौथ्यांदा दादा मध्ये पडला.

"दादा," ती म्हणाली, "मी तिसऱ्या खुर्चीसाठी भांडले, तेव्हा तू नानांना काय म्हणाला होतास?"

"ते वेगळं होतं."

"'जिला हवंय तिला द्या,' म्हणालास. मग जिला नकोय तिला देऊ नका, हे त्यातच आलं की नाही?"

"अगं, पण..."

"आणि पावडर मी दिली," आत्याने सांगून टाकलं. "दर शनिवारी. गार पाण्यात कालव म्हणजे घट्ट व्हायला उशीर लागतो, हेही मीच शिकवलं."

"वन्सं!" आई बाकावरून उठलीच. "म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"म्हणजे तुम्हालाही?"

"मी सही केली होती!"

"आणि सकाळी टेबलावर दोघी साळसूदासारख्या बसला होतात," बाबा म्हणाले. "दाखवायचे दात वेगळे! नाना, ऐकताय ना?"

नाना ऐकत होते, पण खिडकीकडे बघून. "माझ्या दातांचा साचा कुठून मिळाला तुला?" त्यांनी भिंगरीला विचारलं.

"तुम्हीच दिलात, नाना. दातांची रचना समजून घ्यायचीय म्हटलं, तर तुम्ही साच्यांचा अख्खा खण माझ्यासमोर उपडा केलात. एकेक दात समजावून सांगितलात."

"हां." नानांनी घसा साफ केला. "मला वाटलं होतं, पोरगी अभ्यासाला लागली."

"अभ्यासच केला," ती म्हणाली.

नानांना हसू दाबता येईना. त्यांनी बाबांच्या गुडघ्यावर थाप मारली. "आपला पक्ष फुटला रे."

"तुमचं काय मत आहे ते सांगा आधी."

"माझं मत?" नानांनी गुडघा चोळला. त्यांचा आवाज खाली आला. "मला वाटत होतं, मी उठलो की त्या खुर्चीत आपल्यातलंच कुणीतरी बसावं. अजूनही वाटतं. पण खाली तिने मला उभं केलं ना, भुवई वर, तोंड उघडं... इतकं नीट मला आजवर कुणी पाहिलं नव्हतं. तुमच्या आईनेसुद्धा." ते उठले. "खुर्चीचं बघू. बाहेरचा एखादा चांगला पोरगा ठेवू. चला, मला चहा पाजा कुणीतरी."

*

बाबा चहाला थांबले नाहीत. घरात आपण एकटेच विरोधी पक्षात उरलो, हे त्यांना कळून चुकलं होतं. ते खाली तलावात उतरले आणि रिकाम्या खुर्च्यांमधून चालत राहिले. मागून चपलांचा आवाज आला. भिंगरी होती.

"रागावलात?"

"नाही."

"मग?"

त्यांनी एक खुर्ची ओढली. ठोकळा सरकला, खुर्ची डुगडुगली, ते तसेच बसले. "जेवताना आम्ही तिघं दातांबद्दल बोलतो," ते म्हणाले. "तुझी आई बिचारी ऐकत असते. मी धरून चाललो होतो, की तू मोठी झालीस की आपण चौघं होऊ. एवढंच. पोटाचं मी उगाच म्हटलं. पोट भरशील तू. पण मी तुझ्याशी बोलू काय? मला त्यातलं ओ का ठो कळत नाही."

भिंगरीला हे अपेक्षित नव्हतं. तिने पुष्कळ उत्तरं पाठ करून ठेवली होती, त्यांतलं एकही उपयोगाचं नव्हतं. ती त्यांच्या शेजारी फरशीवर बसली.

"मग विचारा ना," ती म्हणाली. "काहीही."

बाबांनी विचार केला. "त्या मुखवट्याचं नाक एवढं मोठं का? नानांचं तसं नाही."

"लहान ठेवलं तर मागच्या रांगेतून चेहरा सपाट दिसतो. सावली पडायला नाक लागतं."

"हं. आणि आतला पोरगा श्वास कुठून घेतो?"

"नाकपुड्यांना आरपार भोकं आहेत. काळ्या जाळीने झाकलीत."

"आणि घाम? घामाने लगदा भिजत नाही?"

"भिजतो! तोच तर घोळ आहे. आतून तीन थर लाख दिली, तरी दुसऱ्या प्रयोगाला मऊ पडतो."

"लाख नको," बाबा पुढे वाकले. "थांब. आम्ही कवळीला आतून..." आणि ते बोलता बोलता थांबले, कारण ती त्यांच्या तोंडाकडे टक लावून ऐकत होती, अगदी नाना पेशंटकडे बघतात तशी.

रंगमंचाशेजारी एका लांब टेबलावर पाहुण्यांसाठी प्रात्यक्षिक मांडलं होतं. चेहऱ्याचा साचा कसा घेतात ते दाखवायचं होतं, पण आडवं व्हायला कुणी तयार होत नव्हतं. मुखवटे शिकवणारे सर कधीचे दाताच्या कण्या करत होते.

"बाबा," भिंगरी म्हणाली, "झोपता?"

ते झोपले. चष्मा काढून ठेवला. तिने भुवयांना, मिशीला व्हॅसलीन लावलं, केसांना फडकं बांधलं. मग प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या, एकेक, कपाळापासून.

"आता बोलायचं नाही," ती वरून म्हणाली. "नाक मोकळं ठेवलंय. घुसमटल्यासारखं वाटलं तर हात वर करा. घाबरू नका, पटकन होईल."

हे शब्द बाबा रोज कितीदा तरी बोलत. झोपून ऐकायची वेळ पहिल्यांदाच आली होती. वरून आवाज कसा लागतो, हे त्यांना माहीत नव्हतं. तिचा आवाज शांत होता. बोटं हलकी होती, पण चाचरत नव्हती. एक पट्टी डोळ्यावर ठेवताना ती क्षणभर थांबली, जागा बघितली, मगच ठेवली. हात चांगला आहे, मॅडम म्हणाल्या होत्या. बाबांनी आयुष्यभर हात पाहिले होते, शिकाऊ, घाबरट, धसमुसळे. हा हात त्यांनी कुणाचाही असता तरी ठेवून घेतला असता.

अंधारात त्यांना पावलं ऐकू आली. मंडळी चहा घेऊन खाली आली होती.

"हे काय, हा बोलत का नाही?" नाना म्हणाले.

"मनाई आहे," भिंगरी म्हणाली.

"अरे वा, मग आत्ताच ठरवून टाकू," आत्या म्हणाली. "दादा, वाटी न धुतलेली तूच होतास. कबूल? बघा, काही बोलत नाही. कबूल."

"उगाच हसवू नका हो त्यांना," आई म्हणाली. "तडे जातील."

भिंगरीने हनुवटीची शेवटची पट्टी दाबून बसवली. मग वाट बघितली. प्लास्टर आधी गार होतं, आता ऊब येत चालली होती. बोटाने टकटक करून बघितल्यावर ती म्हणाली, "चेहरा आतून जरा हलवा." बाबांनी गाल फुगवले, भुवया उचलल्या. आणि एक हलका चटका देऊन साचा निघाला.

बाबा उठून बसले. चेहरा लालभडक, मिशी व्हॅसलीनने चपटी. सगळे त्यांच्याकडे बघत होते. भिंगरी साचा दोन्ही हातांत धरून उभी होती.

"उद्या किती वाजता जायचंय शाळेत?" बाबांनी विचारलं. "मी येतो. सकाळचे माझे पेशंट तुझी आत्या बघेल."

"ते मी कालच माझ्याकडे घेतलेत," आत्या म्हणाली.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग आईकडे, आणि फडक्याने तोंड पुसता पुसता हसायला लागले. भिंगरीने साचा हळूच टेबलावर ठेवला आणि त्यांच्या गळ्यात पडली. तिच्या ॲप्रनचा सगळा निळा रंग त्यांच्या शर्टावर उतरला.

"झालं का तुमचं?" नानांनी चष्मा काढून आईच्या हातात दिला होता आणि ते टेबलावर चढायच्या खटपटीत होते. "सरक जरा. आता माझं घे. आणि हे बघ, तुझ्या त्या मुखवट्याच्या भुवईचं मला काही पटलेलं नाही. माझी डावी भुवई..."

"नाना," भिंगरी पट्टी भिजवत म्हणाली, "बोलायचं नाही."

आणि नानांनी, चार माणसांदेखत, तोंड मिटलं.